'शॉर्ट आइज': कच्च्या कैद्यांची एक खोली

आमच्या न्यायालयाच्या आवारात सकाळी पावणेअकराच्या सुमारास तुरुंगाची गाडी यायची. आठ-दहा जण उतरायचे, प्रत्येकाचा पंजा एकेका पोलिसाच्या पंजात अडकवलेला. ते मागच्या दारानं लॉकअपमध्ये जायचे आणि पुकारा झाला की एकेक जण आत यायचा. शिरस्तेदारांपासून चहावाल्या पोरापर्यंत सगळे त्यांना एकच शब्द वापरायचे, कच्चे कैदी. म्हणजे खटला चालू आहे, गुन्हा अजून शाबीत झालेला नाही, पण मुक्काम तुरुंगात. मी सत्र न्यायालयात ३१ वर्षं लघुलेखक होते. त्या काळात हा शब्द इतका कानावर पडला की त्यातल्या 'कच्चे' या अर्ध्या भागाकडे माझं लक्षच जाईनासं झालं होतं.

'शॉर्ट आइज' या सिनेमानं ते परत वळवलं.

गेल्या हिवाळ्यात मी मुलीकडे जर्सी सिटीला होते तेव्हा हा १९७७ सालचा अमेरिकन सिनेमा दोनदा पाहिला. तुरुंगाचे सिनेमे मला एरवी आवडत नाहीत. त्यात बहुतेक वेळा पळून जाण्याची तयारी चाललेली असते, नाहीतर एखादा भला माणूस आणि एखादा दुष्ट जेलर असतो. इथे पळून कुणी जात नाही. न्यूयॉर्कच्या हाउस ऑफ डिटेन्शनमधली, म्हणजे खटल्याची वाट पाहणाऱ्यांच्या तुरुंगातली एक खोली आहे, तिला ते डेरूम म्हणतात. टेबलं, बाक, टीव्ही आणि लोखंडी फाटक. दिवसभर तिथे बसलेली माणसं, बहुतेक काळी नाहीतर पोर्तोरिकन. गोरे अगदी थोडे.

या खोलीत क्लार्क डेव्हिस नावाचा एक गोरा, नीटनेटका, मध्यमवर्गीय दिसणारा तरुण येतो. त्याच्यावर एका लहान मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप आहे. अशा माणसाला तिथल्या कैद्यांच्या बोलीत 'शॉर्ट आइज' म्हणतात. चोर, दरोडेखोर, गर्दुल्ले अशी त्यांची आपापसातली जी उतरंड आहे, तिच्यात हा सर्वांत खाली. त्याला मारलं तरी कुणाला वाईट वाटत नाही.

मूळ नाटक मिगेल पिन्येरोचं. जन्म १९४६, पोर्तोरिकोतल्या गुराबो गावचा. लहानपणीच घरचे न्यूयॉर्कला आले आणि तो लोअर ईस्ट साइडच्या वस्तीत वाढला. चोऱ्या, नशा आणि मग सशस्त्र लुटीच्या गुन्ह्यात शिक्षा. हडसन नदीकाठच्या सिंग सिंग तुरुंगात असताना तिथल्या नाट्यकार्यशाळेत त्यानं हे नाटक लिहायला घेतलं. बाहेर आल्यावर मार्विन फेलिक्स कामिलो या दिग्दर्शकानं ते बसवलं. नट बरेचसे तुरुंगातून सुटून आलेले, आणि त्यांच्या संस्थेचं नाव 'द फॅमिली'. जानेवारी १९७४ मध्ये रिव्हरसाइड चर्चच्या थिएटरात पहिले प्रयोग झाले. तिथून नाट्यनिर्माता जोसेफ पॅपनं ते आपल्या पब्लिक थिएटरमध्ये आणलं आणि त्याच वर्षी लिंकन सेंटरच्या व्हिव्हियन बोमाँट थिएटरात नेलं. न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांनी त्या हंगामातलं सर्वोत्तम अमेरिकन नाटक म्हणून त्याला पुरस्कार दिला. पिन्येरो तेव्हा २७ वर्षांचा होता. सिनेमाची पटकथाही त्याचीच, आणि गो-गो नावाच्या कैद्याची छोटी भूमिकाही त्यानंच केली आहे.

दिग्दर्शक रॉबर्ट एम. यंग हे माहितीपटांतून आलेले. नाटकाचा सिनेमा करायचा म्हटला की बहुतेकांना वाटतं, रस्ते दाखवू, कोर्ट दाखवू, आरोपीचं घर आणि रडणारी आई दाखवू. यंग यांनी ते टाळलं आणि मला त्याबद्दल त्यांचे पाय धरावेसे वाटतात. त्यांनी नाटक उचललं आणि खऱ्या तुरुंगात नेऊन ठेवलं. मॅनहॅटनच्या या तुरुंगाला सगळे 'टूम्ब्स' म्हणतात, थडगी. १८३८ साली बांधलेली पहिली इमारत इजिप्तच्या थडग्यांच्या घाटाची होती, तिचं नाव पुढच्या इमारतींनाही चिकटलं. १९७० मध्ये तिथल्या कैद्यांनी गर्दीला आणि हालअपेष्टांना कंटाळून बंड केलं होतं. पुढे मॉरिस लॅस्कर या फेडरल न्यायाधीशांनी तिथली परिस्थिती राज्यघटनेला धरून नाही असा निकाल दिला आणि १९७४ च्या अखेरीस तुरुंग बंद झाला. त्या रिकाम्या इमारतीत हे चित्रीकरण झालं.

हे पडद्यावर दिसतं. गजांवरच्या रंगाचे पापुद्रे निघालेत. फाटक सरकतं तेव्हा त्याचा आवाज छातीत जाणवतो. पहारेकरी "ऑन द गेट!" अशी आरोळी देतो आणि नावं पुकारतो. माणसं फाटकाशी येतात, काहीतरी ऐकतात आणि परत जागेवर जाऊन बसतात. आमच्याकडचा पुकारा मला आठवला. तीन वेळा नाव, बापाचं नाव, आणि मग "हाजिर हो". ज्याचं नाव पुकारलं जात नाही त्याचा चेहरा मी व्हरांड्यातून कितीदा तरी पाहिला आहे. सिनेमातल्या त्या खोलीत तोच चेहरा पंधरा-वीस जणांनी घातलेला आहे.

कथेचा शेवट पुढे येणार आहे. तो आधी कळला म्हणून सिनेमा बिघडत नाही. मला तर दुसऱ्यांदा पाहताना जास्त लागला.

डेरूममध्ये लिहून न ठेवलेले नियम आहेत. कोणी कुठे बसायचं, कोणाशी बोलायचं, भांडण लागलं तर कोणी मध्ये पडायचं नाही. काळ्यांची एक बाजू, पोर्तोरिकनांची एक. क्लार्क आत येतो तेव्हा लाँगशू हा आयरिश वळणाचा गोरा कैदी त्याला जवळ घेतो. सिगरेट देतो, नियम समजावतो. आपल्या रंगाचा एक जण वाढला याचा त्याला आनंद आहे. मग पहारेकरी नेटकडून आरोप काय ते कळतं आणि एका क्षणात लाँगशू फिरतो. लाँगशूचं काम करणाऱ्या जो कारबेरी या नटानं हे वळण फार छान केलंय. ओरडण्याआधी तो थोडा मागे सरकतो, हाताला काही घाण लागल्यासारखा. आतापर्यंत 'आपला' असलेला माणूस आता त्याला सगळ्यांच्या आधी नाकारावा लागणार आहे, नाहीतर खोलीत त्याचीच किंमत जाईल. पुढचा सगळा हिंसाचार त्या मागे सरकण्यातच आहे.

होसे पेरेझनं केलेला हुआन हा पोर्तोरिकन कैदी सगळ्यांत शहाणा. कपकेक्स म्हणून एक कोवळा पोरगा आहे (टिटो गोया). त्याच्यावर पाको नावाच्या कैद्याची नजर आहे आणि हुआन शक्य तेवढा मध्ये उभा राहतो. आइस (नेथन जॉर्ज) बोलका, थकलेला. एल रहीम (डॉन ब्लेकली) सारखा आपल्या लोकांच्या इतिहासाबद्दल आणि धर्माबद्दल बोलतो, तावातावानं. ही माणसं हसतात, चिडवतात, शिव्या देतात, स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीत एकाच वाक्यात. मला पहिल्यांदा निम्मं कळलं नाही. जावयानं सबटायटल लावून दिले तेव्हा दुसऱ्यांदा बसले.

आता मला ज्यासाठी हे लिहावंसं वाटलं त्याकडे येते.

खोलीत क्लार्क आणि हुआन दोघंच आहेत. क्लार्कला बोलायचंय. कुणाशी तरी बोललो नाही तर वेड लागेल अशी त्याची अवस्था आहे. हुआन ऐकायला तयार होतो. आणि क्लार्क सांगू लागतो. ज्या मुलीच्या प्रकरणात त्याला पकडलंय त्याबद्दल त्याला स्वतःलाच नक्की काही सांगता येत नाही. आपण ते केलं की नाही हे आठवत नाही म्हणतो. पण याआधीचं सगळं सांगतो. कोवळ्या वयापासूनचं, एकेक मुलगी, एकेक प्रसंग. क्लार्क झालेल्या ब्रूस डेव्हिसनचा आवाज जवळजवळ एका पट्टीत आहे. तो दया मागत नाही, आणि त्यामुळेच ते ऐकवत नाही.

हे दृश्य रंगमंचावर लांबून पाहताना आपण बोलणाऱ्याकडे पाहत असणार. प्रकाश त्याच्यावर, शब्द त्याचे. सिनेमात कॅमेरा पुन्हा पुन्हा हुआनच्या चेहऱ्यावर जातो. सुरुवातीला त्या चेहऱ्यावर माणुसकी आहे, थोडी उत्सुकताही. मग तो हळूहळू बंद होत जातो. नको होतं हे ऐकायला. आता हे माझ्याजवळ राहणार. ऐकणाऱ्याला जबाब परत करता येत नाही, हे पेरेझ एकही वाक्य न बोलता दाखवतो.

हे मला का कळलं ते सांगते. लघुलेखकाचं काम बाहेरून दिसतं तितकं यांत्रिक नसतं. साक्षीदार पिंजऱ्यात बोलतो, न्यायाधीश साहेब त्याचं नीट वाक्य करून सांगतात, ते आम्ही घेतो. "तेव्हा मी घाबरले होते" असं बाई तीन वेळा म्हणते, कागदावर एकदा येतं. मध्ये ती पदराचं टोक पिळत दोन मिनिटं गप्प राहते, ते येत नाही. पण कानात दोन्ही जातं. बलात्काराच्या खटल्यांत दार बंद करून साक्ष चालायची. तेव्हा साहेब, वकील, आरोपी, शिपाई आणि मी. वकिलाला अशील असतो, साहेबांना निकाल द्यायचा असतो. मला फक्त ऐकायचं असायचं. संध्याकाळी घरी आल्यावर मुलीला अभ्यासाला बसवताना तिचा हात हातात घेतला की दुपारचं एखादं वाक्य वर यायचं. ते मी कुणाला सांगू शकत नव्हते आणि आजही सांगणार नाही. मी ३१ वर्षांत कुणाच्या तोंडावर माझं हे काम पाहिलं नव्हतं. ते हुआनच्या तोंडावर दिसलं.

पुढे खोलीतले बाकीचे ठरवतात, याला संपवायचं. त्याआधी त्याचे हाल झालेत, संडासाच्या भांड्यात डोकं बुडवण्यापर्यंत. हुआन विरोध करतो, पण त्याचं कुणी ऐकत नाही. शस्त्र एल रहीमच्या हातात देतात. त्याच्या तोंडी इतका वेळ मोठमोठ्या गोष्टी होत्या, पण प्रत्यक्ष माणूस समोर धरलेला असताना त्याच्याच्यानं होत नाही. लाँगशू पुढे होतो आणि गळा चिरतो. पहारेकरी नेटला हे सगळं माहीत असतं. तो पाहतो आणि होऊ देतो. हिंसा फार दाखवलेली नाही, तरी मला तिथे थांबावं लागलं. उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्याले आणि मगच पुढे चालू केला.

मग चौकशीसाठी कॅप्टन येतो. जबाब घेतले जातात. आणि शेवटी कैद्यांना सांगितलं जातं की या मुलीच्या प्रकरणात क्लार्क निर्दोष होता. ओळखण्यात चूक झाली होती.

त्या वेळी खोलीत जी शांतता पडते, तिच्यात प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीबद्दल गप्प आहे. बाकीच्यांना वाटतं, आपण निर्दोष माणूस मारला. हुआनला तेवढंही सोपं नाही. त्याला ठाऊक आहे की हा माणूस या गुन्ह्यात निर्दोष होता आणि बाकी किती मुलींच्या बाबतीत दोषी होता. कॅप्टनच्या कागदात एकच गोष्ट आहे. दुसरी फक्त हुआनजवळ आहे, आणि ती सांगून आता कुणाचं भलं होणार?

ओळखण्याच्या चुकीबद्दल मला एक प्रसंग लिहावासा वाटतो. जबरी चोरीचा खटला होता. म्हातारीच्या गळ्यातली बोरमाळ हिसकावली होती. आरोपी दुधाचा रतीब घालणारा पोरगा, चौदा महिने कच्च्या कैदेत, जामिनाला उभं राहायला माणूस नाही. सरकारी वकिलांनी म्हातारीला विचारलं, चोर इथे आहे का? तिनं डोळ्यांवर हात धरून सगळीकडे पाहिलं आणि मागच्या बाकावर दुसऱ्याच तारखेसाठी आलेल्या एका माणसाकडे बोट केलं. "ह्योच. ह्येचं डोळं मी मरंस्तोवर इसरणार न्हाई." कुणीतरी हसलं. साहेबांनी मला सांगितलं ते वाक्य मला अजून पाठ आहे: "साक्षीदाराने न्यायालयात हजर असलेल्या अन्य इसमाकडे बोट दाखविले." मी ते घेतलं. मान वर केली तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातला पोरगा म्हातारीकडे पाहत होता. सुटल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता. म्हातारी मात्र माळ परत मिळणार अशा खात्रीनं खाली उतरली. तिचं ते वाक्य कुठल्याच कागदावर नाही.

'शॉर्ट आइज'मध्ये ती ओळखण्याची चूक दाखवलेलीच नाही, ती बाहेर कुठेतरी घडली आहे. आपल्यापर्यंत तिचा निरोप येतो, उशिरा. हे मला फार खरं वाटलं. तुरुंगात सगळ्याच गोष्टी निरोपासारख्या येतात.

न पटलेलंही सांगते. कॅप्टनचा प्रसंग नाटकात उपसंहार म्हणून वेगळा आहे, आणि सिनेमातही तो जोडल्यासारखा वाटतो. दीड तास माणसं एकमेकांवर तुटून पडताना पाहिल्यावर एकदम कुणीतरी उभं राहून निकालपत्र वाचावं तसं. नाटकातली लांब स्वगतंही जवळजवळ तशीच ठेवलीत. आइसचं जेन फोंडा या नटीवरचं स्वगत प्रेक्षागृहात हशा घेत असेल. इथे कॅमेरा नटाच्या नाकासमोर असल्यानं मला ते ताणलेलं वाटलं. आणि रंगमंचावर एक फायदा असतो, तो इथे हरवला आहे. नाटकात सगळी खोली सतत दिसते. कोपऱ्यात नुसता बसलेला माणूसही दिसतो, आणि तुरुंगात नुसतं बसणं हेच तर मुख्य काम. सिनेमा ज्याच्याकडे बघतो तोच उरतो.

दोन गाणी आहेत. ती कथा थांबवतात अशी तक्रार कुणी करू शकेल, माझी नाही. कर्टिस मेफील्ड आणि फ्रेडी फेंडर हे दोघं त्या काळचे मोठे गायक, इथे कैदी म्हणून बसलेत. या सिनेमाचं संगीतही मेफील्डचं. फेंडर टेक्सासचा. त्यानं स्वतः तरुणपणी गांजा बाळगल्याबद्दल लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात जवळजवळ तीन वर्षं काढली होती. ते गातात तेव्हा खोलीतल्या बाजू पुसल्या जातात. काळे, गोरे, पोर्तोरिकन सगळे टेबलावर ताल धरतात. मेफील्डचा बारीक, उंच आवाज त्या भिंतींना लागून परत येतो. आपल्याकडे बराकीत रात्री भजन धरतात असं पोलिसांकडून ऐकलं होतं, त्याची आठवण झाली. गाणं संपतं आणि लगेच ज्याची त्याची बाजू परत तयार होते. दिग्दर्शकानं हे परत जाऊन बसणं कापलेलं नाही.

सिनेमा पाहून झाल्यावर मला ती जागा बघायची होती. मुलीबरोबर पाथ ट्रेननं मॅनहॅटनला गेले आणि सेंटर स्ट्रीटवरून चालत निघालो. १०० सेंटर स्ट्रीट म्हणजे तिथलं फौजदारी न्यायालय, राखाडी, उंच, आपण मान कितीही मागे केली तरी न संपणारं. त्याला खेटून व्हाइट स्ट्रीटवर तुरुंग. मधे बंद करून ठेवलेली ती जागा पुन्हा उघडली होती, मग २०२० मध्ये परत बंद झाली आणि नंतर पाडायला घेतली. आम्हाला कुंपण आणि परांच्या दिसल्या. पलीकडच्या फुटपाथवर चायनाटाउनची भाजीची दुकानं, बर्फावर मांडलेली मासळी, हातगाडी ओढणाऱ्या म्हाताऱ्या. न्यायालयाच्या पायऱ्यांवर एक बाई कागदांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभी होती. तशा पिशव्या मी ओळखते. वकिलाची फी, जामिनाचे कागद, पोराचा जुना फोटो, सगळं एकाच पिशवीत असतं. मी तिच्याकडे पाहिलं. तीही पाहत राहिली, मग रांगेत गेली.

पिन्येरो १९८८ मध्ये गेला, ४१ वर्षांचा, यकृताच्या आजारानं. आपली राख लोअर ईस्ट साइडवर उधळावी असं त्यानं एका कवितेत लिहिलं होतं आणि मित्रांनी तसं केलं. तो भाग व्हाइट स्ट्रीटवरून चालत जाण्याइतका जवळ आहे. माझे गुडघे दुखत होते म्हणून आम्ही गेलो नाही.

हा सिनेमा बघायचा असेल तर घरात लहान मुलं नसताना बघा. भाषा अतिशय शिवराळ आहे, आणि क्लार्कचं सांगणं कुठल्याही आईबापाला जड जाईल. सबटायटल लावा, त्याशिवाय निम्मी मजा आणि निम्मं दुःख दोन्ही सुटतं. आणि जमलं तर दुसऱ्यांदा बघा. त्या वेळी त्या दोघांच्या दृश्यात क्लार्कचं बोलणं कानावर पडू द्या, नजर मात्र सगळा वेळ हुआनवर ठेवा.